पाहुण्याचे देणे

पाहुण्याविषयी आपल्याकडे दोन तऱ्हेची वचने सांगितली जातात, आणि पुष्कळदा ती एकाच घरात, एकाच तोंडून ऐकू येतात. तैत्तिरीय उपनिषदातल्या शिक्षावल्लीत विद्या संपवून घरी निघालेल्या शिष्याला आई, वडील आणि आचार्य यांच्याच ओळीत अतिथीलाही देवासमान मानण्याचा उपदेश आहे. दुसरीकडे आमच्या आज्या 'पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राहील त्याची अक्कल गेली' असे हसत हसत ऐकवीत. दोन्ही वचने खरी आहेत. पण नीट पाहिले तर दोन्ही यजमानाच्या बाजूने बोलणारी आहेत. पहिले यजमानाला कर्तव्य सांगते, दुसरे त्याला सुटका देते. पाहुण्याने काय करावे याविषयी पहिले वचन गप्प आहे आणि दुसरे एवढेच सांगते की बाबा, तू आता नीघ.

पण ज्याला तिसऱ्या दिवशी निघता येत नाही, त्या पाहुण्याचे काय? जो सेवा करण्यासाठी म्हणून परक्या देशात जातो आणि तिथल्या एखाद्या कुटुंबात तीन-चार महिने राहतो, तो कोण? पाहुणा, भाडेकरू, की घरचा माणूस? तो द्यायला गेलेला असतो, आणि सकाळ-संध्याकाळ घेत असतो. या देण्याघेण्याचा हिशेब कसा मांडायचा? आयुष्यभर शाळेत गणित शिकवल्यामुळे असेल, पण हा प्रश्न मला अजून सोडत नाही. उत्तर पूर्णांकात येत नाही, एवढे मात्र कळले आहे.

२५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळात ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला, आणि १२ मे रोजी ७.३ तीव्रतेचा दुसरा धक्का बसला. जवळजवळ नऊ हजार माणसे गेली, पाच लाखांहून अधिक घरे जमीनदोस्त झाली. सर्वांत जास्त माणसे सिंधुपाल्चोक जिल्ह्यात मेली. पहिला धक्का शनिवारी दुपारी बाराच्या सुमारास बसला. तिकडे शनिवार हा साप्ताहिक सुटीचा दिवस, म्हणून शाळा रिकाम्या होत्या. शाळांच्या इमारती हजारोंनी कोसळल्या, पण आत मुले नव्हती. त्या मुलांसाठी मग बांबू आणि पत्र्याची तात्पुरती शिक्षणकेंद्रे उभी राहिली आणि शिक्षकांची गरज पडली. मी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेतून नुकताच निवृत्त झालो होतो. एका स्वयंसेवी संस्थेमार्फत नोव्हेंबर २०१५ च्या पहिल्या आठवड्यात सिंधुपाल्चोकमधल्या एका डोंगरी गावात गेलो आणि फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, म्हणजे सुमारे शंभर दिवस, एका घरी राहिलो.

अशा परदेशी सेवेचा इतिहास आपल्यापासून दूरचा नाही. पहिल्या महायुद्धानंतर पिएर सेरेझोल या स्विस इंजिनिअरने १९२० साली फ्रान्समध्ये व्हर्दूँजवळ एक उद्ध्वस्त खेडे पुन्हा उभारण्यासाठी निरनिराळ्या देशांच्या स्वयंसेवकांचे शिबिर भरवले. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहार आणि नेपाळ हादरवणारा भूकंप झाला तेव्हा हाच माणूस बिहारमध्ये आला आणि त्याने व त्याच्या सोबत्यांनी तिथे घरे बांधण्याच्या कामाला हातभार लावला. पुढे १९६१ साली अमेरिकेची 'पीस कोअर' निघाली. तिचे तरुण १९७६ पर्यंत आपल्याकडेही येत असत, आणि नेपाळात १९६२ पासून जात. परक्या कुटुंबात राहूनच भाषा आणि रीतभात शिकायची, ही पद्धत अशा संस्थांनी रूढ केली.

या सगळ्यावर सर्वांत कडवट टीकाही एका सेवाभावी माणसानेच केली आहे. एप्रिल १९६८ मध्ये मेक्सिकोतल्या क्वेर्नावाका शहरात इव्हान इलिच या धर्मगुरूने अमेरिकन विद्यार्थी-स्वयंसेवकांसमोर भाषण केले. त्याचा आशय असा : तुम्ही बघायला या, शिकायला या, डोंगर चढायला या, पण मदत करायला येऊ नका. कारण ज्यांची तुम्हाला भाषा येत नाही, ते तुम्हाला 'नको' असे म्हणूही शकत नाहीत. सेवाच करायची असेल तर आपल्या गावात करा. तिथला गरीब निदान तुम्हाला तोंडावर 'चालते व्हा' म्हणू शकेल.

हे भाषण मी जाण्यापूर्वी वाचले होते, आणि तरीही गेलो. इलिचचा मुद्दा मला खोटा वाटला नाही. उलट त्यातली 'नको' म्हणण्याची कसोटी फार मोलाची वाटली. मदत घेणाऱ्याला नकार देण्याची सोय आहे का, हा खरा प्रश्न. छावणीत, रांगेत, चादरी वाटण्याच्या टेबलापाशी ती नसते. पण घरात? घरात ती असते की नाही, ते पाहायचे होते.

घर म्हणजे खरे तर घर नव्हते. दगडमातीचे जुने घर कोसळून त्याचा ढिगारा अंगणात पडला होता आणि शेजारी पत्र्याची खोप उभी होती. अशा तात्पुरत्या निवाऱ्यासाठी सरकारने कुटुंबामागे पंधरा हजार नेपाळी रुपये दिले होते. आपल्या हिशेबाने ते नऊ हजार तीनशे पंच्याहत्तर होतात, कारण तिथे आपल्या शंभराला एकशे साठ हा दर ठरलेला आहे. घरात सत्तरी ओलांडलेली आमा, म्हणजे आई. तिची थोरली सून आणि दोन नातवंडे. थोरला मुलगा कतारला मजुरीला. धाकटा आपल्या गोव्यात एका हॉटेलात स्वयंपाकी. लाकडी खाट एकच होती, ती मला दिली. मी नको म्हटले, तर आमा म्हणाली, मग आम्ही खाली आणि खाट रिकामी, असे झोपावे का सगळ्यांनी?

संस्था त्या घराला माझ्या राहण्याखाण्याचे दिवसाला काही पैसे देत असे. त्यामुळे हिशेब फिटतो असे कुणी म्हणेल. मला तसे दिसले नाही. पैसे जेवणाचे होते. घरातली एकुलती कोंबडी अंडे घालायची, ते नातवंडांना न देता माझ्या ताटात यायचे, ते पैशाच्या हिशेबात कुठे बसत होते? फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस याने १९२५ साली दानावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. देणे, घेणे आणि परत करणे ही तिन्ही बंधनेच आहेत, असे तो म्हणतो. घ्यायला नकार देणे म्हणजे नाते नाकारणे. मी अंडे नाकारले असते तर आमाच्या गरिबीकडे बोट दाखवल्यासारखे झाले असते. खाल्ले तर पोरांच्या तोंडचे खाल्ले. मी अंडे ताटात घेऊन त्याचे तीन भाग करू लागलो. आमाने दोन दिवस पाहिले. तिसऱ्या दिवशी तिने अंडे भाजीत फेटून सगळ्यांना वाढले. त्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही.

भाषेची अडचण मला इतरांइतकी नव्हती. लिपी देवनागरी, शब्द अर्धे ओळखीचे. पाहुण्याला तेही 'पाहुना'च म्हणतात. पण ओळखीचेच शब्द अधिक फसवतात. केंद्राच्या फळ्यावर 'शिक्षा' हा शब्द पाहून पहिल्या दिवशी हसू आले. तिथे त्याचा अर्थ शिक्षण. 'संसार' म्हणजे तिथे सारे जग, आपल्याकडे चार भांडी आणि दोन लेकरे. सीमाभागातल्या माणसाला हे खेळ नवे नाहीत. आपल्या गल्लीत 'यजमान' म्हटले की मराठी कानाला घरधनी वा आतिथ्य करणारा ऐकू येतो, आणि शेजारच्या कन्नड घरात 'यजमानरु' म्हणजे नवरा, कर्ता पुरुष. दोन भाषांच्या मधे वाढलेल्याला एक सवय आपोआप लागते : समोरच्याच्या शब्दाचा आपल्या शब्दकोशातला अर्थ लगेच धरायचा नाही, जरा थांबायचे. शंभर दिवसांत माझ्या सर्वांत उपयोगी पडलेले ज्ञान हेच.

पहिल्याच संध्याकाळी आमाने विचारले, "थर के हो?" म्हणजे आडनाव, कूळ काय. आडनावावरून तिला काही उलगडेना, तेव्हा जानवे आहे का, असे विचारले. मी म्हणालो, आमा, मी मास्तर आहे आणि जात सांगत नाही. ती रागावली नाही. तिने माझे ताट चुलीपासून दूर, दाराशी मांडले. चुलीच्या रेषेच्या आत मला घेतले नाही. ते तिचे घर होते आणि तो तिचा 'नको' होता. इलिचला जे हवे होते ते हेच, असे मी मनाशी म्हटले आणि दाराशी बसून जेवलो. वाढताना आमाने हात आखडता घेतला नाही. ढिंडो आणि गुन्द्रुक, म्हणजे पिठाचा घट्ट उकडा आणि आंबवून वाळवलेल्या पाल्याची भाजी, मी 'पुग्यो', म्हणजे पुरे, म्हणेपर्यंत येतच राहिली. जेवल्यावर ताट विसळायला उठलो तर सुनेने ते हातातून काढून घेतले.

आठवडाभरात तिहार आला. तिहार म्हणजे त्यांची दिवाळी. पाच दिवसांत पहिला मान कावळ्याचा, दुसरा कुत्र्याचा. गळ्यात झेंडूची माळ घातलेली गावातली कुत्री त्या दिवशी मोठ्या ऐटीत हिंडत होती. मग गाय, लक्ष्मी, आणि शेवटी भाइटीका, म्हणजे आपली भाऊबीज. १३ नोव्हेंबरला आमाची लेक माहेरी आली. तिचे दोन्ही भाऊ परदेशात. तिने अक्रोड आणले होते, मखमली फुलांची माळ ओवली होती, आणि ओवाळायला घरात कुणी नव्हते. आमाने माझ्याकडे पाहिले. मी बसलो. लेकीने माझ्याभोवती तेलाची रेघ ओढली, कपाळावर सात रंगांचा टीका लावला, उंबऱ्यावर अक्रोड फोडला. त्या दिवसापासून मी 'सर'चा 'दाइ' झालो, आमाच्या तोंडी 'बाबु' झालो, आणि संध्याकाळी माझे ताट चुलीजवळ आले. जात तिला अजूनही ठाऊक नव्हती.

इथपर्यंतची गोष्ट गोड आहे, आणि परदेशातल्या पाहुणचाराच्या बहुतेक आठवणी इथेच संपतात. मला पुढचे दोन प्रसंग सांगायचे आहेत, कारण प्रश्न तिथे आहे.

२० सप्टेंबर २०१५ रोजी नेपाळने नवे संविधान जाहीर केले. तराईतल्या मधेशी लोकांना त्यात आपल्यावर अन्याय झाला असे वाटले; आंदोलन पेटले, पन्नासाहून अधिक माणसे मेली. सीमेवरून येणारा माल थांबला. भारताने अघोषित नाकेबंदी केली, असे नेपाळी माणूस सांगत होता. आम्ही काही अडवलेले नाही, तुमच्या बाजूच्या आंदोलनामुळे ट्रक थांबले आहेत, असे भारत सरकारचे म्हणणे होते. सीमेवर वाढल्यामुळे मला मधेशी माणसाचे दुःखही कळत होते : राज्याच्या नकाशात आपली भाषा आणि आपले गाव कुठे बसवले, हा आमच्याही घरातला १९५६ पासूनचा विषय. पण डोंगरावरच्या त्या खोपीत नाकेबंदीचा अर्थ साधा होता. गॅस नव्हता, रॉकेल नव्हते, औषध महाग झाले होते, आणि थंडी येत होती.

डिसेंबरात एका संध्याकाळी शेजारचा म्हातारा लाहुरे येऊन बसला. लाहुरे म्हणजे परदेशी फौजेत नोकरी केलेला. हा भारतीय सेनेतला, आपल्या सरकारचे पेन्शन घेणारा. स्वच्छ हिंदीत तो म्हणाला, "मास्टरसाब, तुमच्या देशासाठी मी बंदूक धरली. आता तुमचा देश आमची चूल विझवतो, आणि तुम्ही याच चुलीवरचे खाता. कसे वाटते?"

आमा एकदम मधे पडली. पाहुण्याला असे विचारू नये, म्हणाली. मला तिची माया कळली, पण तिच्या पदराआड लपणे बरे वाटले नाही. पाहुणा म्हणून मिळणारे संरक्षण हे यजमानाचे औदार्य असते. तो पाहुण्याचा हक्क नव्हे. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७९५ च्या आपल्या 'शाश्वत शांती'वरच्या ग्रंथात एक बारीक भेद केला आहे. पृथ्वी गोल आणि मर्यादित आहे, माणसांना एकमेकांच्या भूमीवर जावेच लागणार. म्हणून परक्या देशात पाऊल टाकल्यावर शत्रूसारखी वागणूक न मिळण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. पण पाहुणा म्हणून घरात राहण्याचा हक्क कुणालाच नाही. त्याला यजमानाची खास संमती लागते. लाहुरे मला घालवत नव्हता. ज्या संमतीवर मी राहत होतो तिचा हिशेब तो मागत होता.

मी म्हणालो, "दाजू, त्या निर्णयात माझा हात नाही, आणि खरे कोणाचे ते मी इथे बसून सांगू शकत नाही. पण लाकूड तुमच्या डोंगराचे जळते आहे आणि त्यातले काही माझ्या भातासाठी जळते आहे, एवढे मला दिसते. उद्यापासून लाकडाची एक फेरी माझी." तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून शाळेआधी मी सुनेबरोबर डोको घेऊन जाऊ लागलो. डोको म्हणजे पाठीवरची बांबूची मोठी टोपली. तिचा पट्टा, नाम्लो, कपाळावर घ्यायचा. ती तीस किलो आणायची, मी दहा. त्याने नाकेबंदी उठली नाही. पण त्या आठवड्यात सुनेने माझे ताट हातातून काढून घेणे सोडून दिले. मी माझे ताट विसळू लागलो, आणि तो दिवस मला भाइटीकापेक्षाही मोठा वाटला.

दुसरा प्रसंग जानेवारीतला. गोठ्याची भिंत रचायला डकर्मी, म्हणजे गवंडी, आला. दलित समाजातला, माझ्याच वयाचा. आमाचे जुने घरही त्यानेच बांधले होते. चाळीस वर्षांची ओळख. त्याला चहा अंगणात मिळायचा. चहा पिऊन तो नळावर जायचा, आपला पेला विसळायचा आणि दगडावर वेगळा पालथा घालायचा.

तो पालथा पेला पाहत मी उभा राहिलो. आपले भांडे आपण विसळणे, ही एकच कृती. मला ती मिळवायला दोन महिने लागले होते आणि ती मिळाली तेव्हा मी घरचा झालो होतो. त्याच्याकडून तीच कृती चाळीस वर्षे करवून घेतली जात होती आणि तिचा अर्थ होता, तू घरचा कधीच होणार नाहीस. ज्याची जात ठाऊक नाही तो परदेशी शंभर दिवसांत चुलीजवळ पोचतो, आणि ज्याने चुलीभोवतीच्या भिंती रचल्या तो अंगणात राहतो. नेपाळात जातिभेदाला कायद्याने १९६३ मध्येच थारा काढला होता, २०११ मध्ये अस्पृश्यतेविरुद्ध स्वतंत्र कायदाही झाला. आपल्याकडचे सांगायला नको. महाडचा सत्याग्रह १९२७ चा, पंढरपूरच्या मंदिरासाठी साने गुरुजींचे उपोषण १९४७ चे. आणि वेगळी कपबशी अजून किती घरांच्या परसात टांगलेली आहे ते आपापल्या घरी पाहावे.

पाहुण्याने अशा वेळी काय करावे? एक मत असे की ज्या घरचे मीठ खातो त्या घरच्या रीतीत तोंड घालू नये. दुसरे असे की माणुसकीला घर आणि परघर नसते. मी माझा पेला घेऊन अंगणात गेलो, त्याच्याशेजारी बसून चहा प्यालो आणि माझा पेला त्याच्या पेल्याशेजारी पालथा घातला. आमाने पाहिले. काही बोलली नाही. डकर्मी मात्र बोलला. दुसऱ्या दिवशी भिंतीपाशी हळूच म्हणाला, "सर, तुम्ही फागुनात घरी जाल. मला चैतात इथेच भिंती रचायच्या आहेत. आमाचे मन माझ्यावर फिरले तर पुढचे काम कोण देईल?"

त्याच्या या वाक्यावर मी आजवर जितका विचार केला तितका कोणत्याही तत्त्वज्ञाच्या ग्रंथावर केला नाही. अंगणात बसलो ते अयोग्य होते असे मला वाटत नाही. पुन्हा तसेच बसेन. पण पाहुण्याच्या सदसद्विवेकाचे भाडे पुष्कळदा तिसराच माणूस भरतो, हे त्याने मला दाखवले. पाहुणा धाडसी होऊ शकतो, कारण त्याचे परतीचे तिकीट ठरलेले असते. म्हणून पाहुण्याने आपल्या धाडसाची किंमत कोण देणार हे आधी विचारावे, आणि जिथे ती किंमत आपण स्वतः देऊ शकतो तिथे ते धाडस करावे.

तशी जागा माझ्याजवळ होती. आमाच्या घरात मी पाहुणा होतो, पण पत्र्याच्या वर्गात मी मास्तर होतो. तिथे कायदा माझ्या बाजूला होता आणि जबाबदारी माझ्या शिरावर. वर्गात पाण्याची घागर असे, आणि ठरावीक मुलेच तिला हात लावीत. मुख्याध्यापकांशी बोलून मी हजेरीच्या क्रमाने पाणी वाढण्याची पाळी लावली. रोज एक नाव, कुणालाही सूट नाही. दोन घरच्या मुलांनी चार दिवस येणे बंद केले. एक घर परत आले, दुसरे आले नाही. आमाचा नातू त्याच वर्गात होता. डकर्मीच्या नातीच्या पाळीच्या दिवशी तो पाणी प्याला की नाही, हे आमाने त्याला विचारले असेल. तो शाळेत येत राहिला, एवढे मी सांगू शकतो. अंगणातला पेला मी निघेपर्यंत अंगणातच होता.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला नाकेबंदी संपली. मी निघालो तेव्हा गॅसच्या टाक्या पुन्हा डोंगर चढू लागल्या होत्या. शंभर दिवसांत मी पस्तीस मुलांना अपूर्णांक शिकवले. कोणीही स्थानिक शिक्षक ते शिकवू शकला असता, कदाचित अधिक चांगले. त्यांच्या भाषेत तरी. म्हणजे इलिच खोटा ठरला असे मला म्हणता येणार नाही. पण त्याच्या कसोटीत एक भर घालावीशी वाटते. स्वयंसेवकाला 'नको' म्हणता येण्याची जागा जर कुठे असेल, तर ती यजमान कुटुंब हीच. खाटेवर कोणी झोपावे, ताट कुठे मांडावे, अंडे कसे वाटावे, हे तिथे आमा ठरवते. तिथे सेवकाला आधी घेणारा व्हावे लागते. ज्याला घेता येत नाही, त्याच्या देण्यात मालकी येते. दुर्योधनाचे पंचपक्वान्न नाकारून कृष्ण विदुराच्या घरी जेवला, ही उद्योगपर्वातली कथा आपण विदुराच्या भक्तीसाठी सांगतो. मला त्यात आता पाहुण्याचा विवेकही दिसतो : कोणाचे घ्यायचे हे ठरवणे, आणि घेतल्यावर त्या घराचे होणे.

मग देण्याचे काय? आमाचे देणे मी कसे फेडणार? पैसे पाठवले तर ती पाहुण्याची भाडेकरूत बदली होईल. पत्रे लिहितो, तिची नात वाचून दाखवते. पण एक गोष्ट मला तिथे असतानाच दिसू लागली होती. आमाचा धाकटा मुलगा गोव्याच्या हॉटेलात आहे. बेळगावच्या, मडगावच्या, पणजीच्या किती खानावळींत, किती इमारतींच्या दाराशी नेपाळी माणसे आहेत! त्यांना आपण काय म्हणतो? 'बहादूर' किंवा 'गुरखा'. वीस वर्षे आपल्या गल्लीत शिट्टी वाजवत रात्र जागवणाऱ्याचे नाव कुणाला ठाऊक नसते. त्याचा थर आपण विचारत नाही, हे आपल्या उदारपणाने नव्हे. त्याला चुलीजवळ न्यायचेच नसते, मग विचारायचे कशाला? आमाने निदान विचारले होते.

लॅटिन भाषेत 'होस्पेस' हा एकच शब्द पाहुणा आणि यजमान या दोघांनाही चालतो, फ्रेंचमध्येही तसेच आहे. आम्हा सीमाभागातल्या लोकांना हे समजायला कठीण जाऊ नये. इथे पाहुणा कोण आणि यजमान कोण, या वादात आपल्या तीन पिढ्या गेल्या. शेजारी मात्र रोज सकाळी एकमेकांच्या भाषेत दुधाचा भाव विचारत राहिले. त्या वादाचा निकाल कोर्टात लागायचा तेव्हा लागेल. पण नेपाळी माणसाच्या बाबतीत वादच नाही. तिथे आपण निर्विवाद यजमान आहोत, आणि यजमानासारखे वागत नाही.

पाहुण्याचे देणे ज्याच्याकडून घेतले त्यालाच फेडता येत नाही, असे मला आता वाटते. ते पुढच्या पाहुण्याला फेडायचे असते. बेळगावला परतल्यावर आमच्या कोपऱ्यावरच्या खानावळीत भट्टीशी काम करणाऱ्या पोराला मी विचारले, "भात खानुभयो?" तिकडे भेटल्यावर असेच विचारतात : जेवलात का? तो चमकला, मग जिल्हा सांगितला, मग नाव सांगितले. हल्ली भाऊबीजेला तो आमच्याकडे येतो. त्याचे ताट माझी बहीण मांडते, आणि जेवण झाल्यावर ते कोणी विसळायचे, यावर दर वर्षी त्यांची थोडी ओढाताण होते.